खरवडीची रेकॉर्ड

माझ्या घरमालकांविषयी गावात दोन मतं नव्हती. एरवी तिथे माडाच्या बांधापासून देवळातल्या मानापर्यंत कशावरच एकमत व्हायचं नाही. पण हा माणूस थापाड्या आहे यावर सगळ्या वाड्या एक होत्या. मी त्यांच्याकडे बिऱ्हाड करते आहे हे कळल्यावर कट्टा गावाला जाणाऱ्या एसटीतला कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "बोटवाल्याकडे? मगे बरा आसा, बाई. तुमच्या करमणुकीचो प्रश्न मिटलो."

बोटवाले म्हणजे ते बोटीवर होते. मालवाहू बोटीच्या पोटात, इंजिनाशेजारी तेलाचे डबे घेऊन त्यांनी अर्धं आयुष्य काढलं आणि गुडघे बोलायला लागल्यावर मालवणच्या बाजूच्या आपल्या गावी येऊन माड शिंपू लागले. मी घाटावरची. नव्वदचं दशक संपता संपता तिथल्या हायस्कुलात मराठी शिकवायला माझी नेमणूक झाली होती. मासे खायचे ते काट्यासकट की काट्याशिवाय, इथपासून मला शिकायचं होतं.

खोली बघायला गेले तर घरामागच्या मांगरातून, म्हणजे लाकूडफाटा ठेवायच्या खोपटातून, पत्रे कोसळल्यासारखा आवाज आला. मी पायरीवरच थबकले. घरमालकीण काकी पडवीत कोळंबी सोलत होत्या. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

"घाबरू नको गो बाय. काय पडाक नाय. ह्यांची गाणी ती."

त्या गाण्यांना पंक म्हणतात हे मला काकांनी नंतर सांगितलं. विलायतेतल्या कुठल्याशा बंदरातली चार पोरं. वाद्यं धड येत नाहीत, गळे त्याहून नाहीत. गाणं दोन मिनिटांत संपतं आणि संपल्यावर भांडण मिटल्यासारखं वाटतं. त्या पोरांनी दोन रेकॉर्डी काढल्या आणि एकमेकांशी भांडून ती मोकळी झाली. जगात त्यांना ओळखणारी मूठभर माणसं, आणि त्यातलं एक आमच्या गावात. बँडचं नाव मात्र मी सांगत नाही. ते काका काकींसमोर कधी घेत नसत, आणि त्याचा अर्थ कळल्यावर मीही घेतलं नाही.

रोज सकाळी माडांना पाणी घालून झालं की काका मांगरात जायचे, बोटीवरून आणलेली सेलवर चालणारी, रेकॉर्ड वाजवायची पेटी उघडायचे आणि एक बाजू लावायचे. मी एकदा विचारलं, "काका, माडांना आवडतं का हे?"

"नाय आवडत. म्हणान तर तो नारळ टाकता."

अंगात एके काळी काळा असलेला बनियनवजा सदरा. त्यावरची चार पोरं धुऊन धुऊन एवढी पुसट झाली होती, की आता चार माड वाटायचे. छातीवर, काही कारण नसताना, एक सेफ्टी पिन. ही त्या संगीताची खूण आहे असं काका सांगत. काकींना पदराला पिन हवी झाली की त्या सरळ येऊन काकांच्या छातीवरची काढून घ्यायच्या. त्यांच्या बंडाचा घरात एवढाच उपयोग होता.

त्यांचं एक वाक्य मात्र मी घेतलं. मला दुचाकी येत नव्हती आणि शाळा लांब होती. रोज म्हणायचे, सुट्टीत शिकेन. काका म्हणाले, "बाई, वाजवूक येयसर थांबलात तर थांबतलातच. त्या पोरांनी आधी वाजवूक घेतल्यानी, मगे शिकली. शिकली तीपण जास्त नाय." त्यांनी मला त्यांच्या जुन्या एम-एटीवर बसवलं आणि उतारावरून सोडून दिलं. मी बांधावर आपटले, गुडघा फुटला, आणि त्या आठवड्यात गाडी घेऊन शाळेत गेले. तो उतार मला अजून आवडत नाही.

वाडीच्या भजनी मंडळात ते एकदा झांज वाजवायला बसले. अभंग सुरू झाला आणि काकांनी हळूहळू लय वाढवली. पखवाजवाल्याला वाटलं बुवाच घाई करतायत, बुवांना वाटलं पखवाजवाला. रात्रभर चालायचं ते भजन चहा येण्याच्या आत संपलं. "बोटवाल्यान इंजिनाचो स्पीड लावल्यान," असं म्हणत बुवांनी त्यांच्या हातातली झांज काढून घेतली. ऐकणारे मात्र खूश होते, असं काकांचं म्हणणं.

शाळेच्या स्नेहसंमेलनाला त्यांनी मला अडचणीत आणलं ते वेगळंच. गाण्याच्या निवडीत ज्या मुलांना आम्ही काढून टाकलं होतं ती सगळी त्यांनी फाटकाबाहेर गोळा केली. "नापास झालेलीच व्हयी होती माका," म्हणाले. पाहुणे व्यासपीठावर बसलेले असताना ही पोरं डबे घेऊन चढली आणि 'नळ आसा, पाणी नाय' एवढ्या चार शब्दांचं गाणं त्यांनी बेंबीच्या देठापासून ओरडून म्हटलं. मुख्याध्यापकांचा चेहरा बघवत नव्हता. पण पाहुणे हसले, मग त्यांनी शाळेचा तो नळ बघायला मागितला, आणि पुढच्या महिन्यात नळाला पाणी आलं. ज्या मुलीला मीच 'तुझा आवाज घोगरा आहे' म्हणून बाजूला केलं होतं, ती सगळ्यात पुढे उभी होती. काकांचा मला फार राग आला होता आणि तो टिकवायची सोय त्यांनी ठेवली नव्हती.

आता ती थाप.

आमच्या बाजूला काहीही व्हायचं झालं, पेरणी, लग्न, नवी होडी, की देवाला गाऱ्हाणं घालतात. एक जण मोठ्याने देवाला सांगतो, कोणासाठी, काय हवं, आणि जमलेली माणसं दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार देतात. काकांचा होकार देवळाच्या बाहेर तळ्यापर्यंत जायचा. असा आवाज मी दुसरा ऐकला नाही. गाऱ्हाणं सांगणाऱ्याला त्यांच्याआधी दम घ्यावा लागायचा.

काकींची पहिली खेप होती आणि त्या बाळंतपणाला माहेरी, वालावलला गेल्या होत्या. काकांची बोट विलायतेतल्या एका बंदरात दुरुस्तीला लागलेली. हे सगळं काका जसं सांगायचे तसं सांगते.

"तार इली. बायको अडली, काळजी आसा. तार पण शिळी. वालावलात फोन खंयचो तेव्हा? मी देऊळ शोधूक भायर पडलंय. थंय देऊळ खंयचा गावतला? चर्चीक कुलूप. आणि बाई, गाऱ्हाणा एकट्यान होवक नाय. होकार देणारी माणसा लागतत. नायतर तो नुसतो मनातलो विचार. देवान तो कित्याक ऐकूचो? फिरता फिरता एका गल्लीत माणसा आरडताना ऐकलंय. म्हटलंय, इतकी माणसा एका वेळेक आरडतत, म्हणजे थंय काय तरी आसा. भुतूर गेलंय. ती चार पोरा वाजवत होती. गिटारवाल्याची तार तुटली, सगळी गप झाली. म्हटलंय, हीच वेळ. आणि गाऱ्हाणा घातलंय."

"त्यांना काय कळलं?"

"एक अक्षर नाय! पण दर वाक्याक 'येऽऽ' करून होकार दिल्यानी. सगळ्या हॉलान. देवळात सुद्धा इतको होकार मी ऐकूक नाय."

चार दिवसांनी दुसरी तार आली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. काका बाजारात गेले आणि त्या पोरांची रेकॉर्ड घेऊन आले. नवस फेडावा तसे. पुढे दुसरी निघाली तीही घेतली. आवड नंतर लागली.

गावाने ही गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की पोरंसुद्धा मध्ये 'येऽऽ' करायची. काकींना मात्र हसू यायचं नाही. मुलगी रांगायला लागल्यावर नवरा घरी आला होता, हातात बाहुली आणि गाण्याची पेटी घेऊन. "माझो जीव जाय नि येय, आणि हे थंय नाचगाण्यात," हे त्या वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं नाही, काल दुपारचं असावं अशा सुरात सांगायच्या. त्यांचा मुद्दा बिनतोड होता. गाऱ्हाण्यात ज्याच्यासाठी ते घालायचं त्याचं नाव घ्यावंच लागतं. देवाला कळणार कसं?

"माझा नाव घेतलात काय थंय?" काकी विचारायच्या.

"घेतलंय."

"मगे हय घेवा बघू. इतक्या गोऱ्यांसमोर घेतलात, आता घराच्या पडवीत घेवक काय झाला?"

आणि काका लाजायचे. साठीचा माणूस, छातीवर पिन लावून फिरणारा, कानाच्या पाळीपर्यंत लाल व्हायचा आणि मांगराकडे निघायचा. त्या पिढीत बायकोचं नाव कोणी घेत नसे. काकी सगळा जन्म 'गो' होत्या, नाहीतर 'चेडवाची आवस', म्हणजे मुलीची आई. पण काकींना त्यांच्या लाजण्यात फक्त थाप सापडल्याचा पुरावा दिसायचा. माझं मत विचाराल तर मी काकींच्या बाजूची होते. ती गोष्ट फारच चांगली होती, आणि फार चांगल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही.

मग काकांचा घसा बसला. आधी सर्दी वाटली, मग खोकला, मग गोव्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. ऑपरेशन झालं, माणूस वाचला, आवाज गेला. उरला तो नुसता वारा. काही ऐकायचं असेल तर त्यांच्या तोंडाशी कान न्यावा लागायचा. काकींना हाक मारायला ते करवंटीवर करवंटी आपटत. बरे होऊन आले त्या दिवशी ते मांगरात गेले आणि दोन्ही रेकॉर्डी ओळीने लावल्या. गावात कोणी कुरकुर केली नाही. त्या वर्षी देवळात गाऱ्हाणं झालं तेव्हा होकार केवढा लहान असतो ते सगळ्यांना कळलं.

चुलीशी बसलेल्या काकी मला म्हणाल्या, "आता ईचारूचो प्रश्नच मिटलो गो." आणि त्यांनी लाकूड उगाचच आत सारलं.

मालवणच्या बाजारात तेव्हा इंटरनेटची दुकानं निघाली होती. मी काकांना एकदा घेऊन गेले, काहीतरी विरंगुळा म्हणून. दुकानाचा मालक माझा माजी विद्यार्थी. काकांनी माझ्या कानात बँडचं नाव सांगितलं आणि मराठीच्या बाईंनी ते त्या पोरासमोर अक्षर अक्षर टाइप केलं. तो बिचारा उठून पंखा पुसायला लागला.

पान हळूहळू उघडलं. त्या चार पोरांची नवी रेकॉर्ड निघाली होती. नवी म्हणजे जुनीच. जी गाणी तेव्हा कोणी घेतली नाहीत ती, तालमीतली, अर्धवट सोडलेली, मित्रांच्या कॅसेटवर राहून गेलेली, सगळी गोळा करून कोणा भक्ताने छापली होती. थोड्याच प्रती, आणि रेकॉर्डच, दुसऱ्या कशावर नाही. काका माझ्या कानाशी आले. "जेवणारी उठल्यार टोपाक लागलेला रवता, ता. खरवड. चव थंयच आसता." मी पुढे वाचत गेले. दुसरी बाजू एका संध्याकाळची होती. गर्दीत बसलेल्या कोणीतरी छोट्या यंत्रावर धरलेली. बंदराचं नाव होतं, हॉलचं होतं, महिना होता. तो काकांच्या मुलीच्या वाढदिवसाचा महिना होता.

काकांनी खुर्चीचा हात धरला. मग पडद्यावरच्या त्या महिन्यावर बोट ठेवून ते माझ्याकडे बघत राहिले.

बांद्याला त्यांचा एक जुना बोटीवरचा सोबती होता. त्याची मुलगी लग्न होऊन विलायतेत गेलेली. तिने रेकॉर्ड मिळवली आणि सुट्टीला येताना कपड्यांच्या घडीत घालून आणली. काका बांद्याहून येताना एसटीत ती मांडीवर घेऊन बसले होते. शेजारणीने 'वर ठेवा' म्हटलं तर त्यांनी नुसती मान हलवली. घरी आल्यावर त्यांनी ती काकींपुढे धरली, पेटीकडे बोट दाखवलं, मग त्यांच्याकडे.

"आता येळ नाय माका," काकी म्हणाल्या. "मासे येवचे आसत."

दुसऱ्या दिवशी मिरची कुटायला द्यायची होती. मग वाडीत बारसं होतं. मग गाय आजारी पडली, जी मला चांगली धडधाकट दिसत होती. एका कामातून दुसरं काढण्यात काकींचा हात कोणी धरला नसता. काका रोज सकाळी जुन्याच रेकॉर्डी लावायचे. नवीचं पाकीट त्यांनी फोडलंही नाही. काकींशिवाय ती ऐकायची नाही, हे त्यांनी ठरवलं होतं.

मला राहवेना. मी काकींना विहिरीवर गाठलं आणि विचारलं, "काकी, एकदा ऐकून तर घ्या. असली तर असेल, नाहीतर नाही."

त्यांनी कळशी खाली ठेवली. "नसला तर गो?" म्हणाल्या. "थापा मारतत म्हणान मी भांडतंय, तोपर्यंत वायच तरी आशा आसा, खरा असात म्हणान. लावल्यानी, आणि थंय नुसती आरडओरड निघाली तर? तेंका आता बोलूक पण येवचा नाय. मगे मी भांडू कोणाशी?"

इतकी वर्षं मी ज्याला राग समजत होते तो राग नव्हता. मी त्यांची कळशी उचलून दिली आणि त्यानंतर विषय काढला नाही.

मार्गशीर्षात गावपळण आली. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. आमच्या गावात काही वर्षांनी देव कौल देतो, आणि सगळा गाव घरं सोडून वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, टोपलीखालची मांजरं. तीन दिवस गावात कोणी फिरकत नाही, चूल पेटत नाही. गाव देवाला मोकळा. नगारा वाजला की चालायला लागायचं. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे माडाच्या झापांच्या खोपी बांधलेल्या असतात. तिथे दगडांच्या चुली, फुगड्या, पत्ते, गजाली म्हणजे गप्पा. शाळाही बंद, म्हणून मीही गेले. काकांनी एका खांद्यावर तांदूळ घेतला होता, दुसऱ्या खांद्यावर पेटी. रेकॉर्ड सदऱ्याच्या आत छातीशी होती.

पहिला दिवस मांडामांडीत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली आणि मला दिसलं, की काकी तांदूळ निवडतायत. सकाळी निवडलेलेच. त्यांना दुसरं काही नव्हतं. झाडायला अंगण नव्हतं, गायीला दावं बदलून झालं होतं, मिरची घरात होती आणि घर तर देवाच्या ताब्यात. शेजारची वैनी हसून म्हणाली, "आता तांदूळ तरी किती निवडशात काकी? पीठ होतला तेंचा."

काकांनी टोपली उलटी केली, तिच्यावर पेटी ठेवली. पाकीट फोडलं. ते काकींकडे बघत नव्हते. काकींनी सूप खाली ठेवलं, पण उठल्या नाहीत.

पहिल्या बाजूला पोरं नाचली. म्हाताऱ्यांनी 'ह्या काय, डबो पडलो काय' अशी चौकशी केली. बुवा लांब जाऊन बसले. दुसरी बाजू लागली तेव्हा माणसं सवयीने गजालींकडे वळली होती. हॉलमधली गर्दी, खोकला, बाटल्या. एक गाणं झालं. दुसरं मध्येच अडखळलं, 'टण्ण' असं काहीतरी झालं आणि थांबलं. कोणी इंग्रजीत शिवी दिली. हशा. मग नुसती खरखर. ती इतका वेळ चालली की मला वाटलं झालं, कापून टाकलं असणार. कोण ठेवील असली रिकामी जागा? मी काकींकडे बघायचं टाळलं.

"बाऽ देवा म्हाराजाऽ!"

सगळ्या वेशीवर तो आवाज गेला. पंचवीस वर्षांपूर्वीचा, कोवळा, पण तोच. तळ्यापर्यंत जाणारा. पत्ते खेळणारे, चुलीवरच्या बाया, लांब बसलेले बुवा, सगळ्यांच्या तोंडून एकदम निघालं, "व्हय म्हाराजा!" आणि त्याच वेळी पेटीतून त्या हॉलचं "येऽऽ!" आलं. कोणी ठरवलं नव्हतं. गाऱ्हाणं ऐकू आल्यावर आमच्याकडच्या माणसाला गप्प बसता येत नाही.

"आज ह्या तुझा लेकरू परक्या मुलखात हुबा रवान हाक मारता म्हाराजा!"

येऽऽ. व्हय म्हाराजा.

"वालावलच्या लक्ष्मीनारायणा, तुझ्या गावात माझी बायल अडली आसा..."

आणि मग नाव. पूर्ण, स्पष्ट, बापाच्या नावासकट. पण रेशनकार्डावरचं नाव नव्हतं ते. ते तिचं माहेरचं नाव होतं, लग्नात बदललेलं. मला नंतर उमगलं. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, गाऱ्हाणं माहेरच्या देवाला होतं, आणि तो देव तिला त्याच नावाने ओळखत होता. मरणाच्या भीतीतसुद्धा त्या माणसाने देवाला पत्ता बरोबर दिला होता. ते नाव मी इथे लिहिणार नाही. ते माझ्या कामाचं नाही.

"...तिका मोकळी कर. चेडू दी नायतर झील दी, पण तिका माका परत दी रे म्हाराजा!"

शेवटच्या होकारावरच ढोल सुरू झाला आणि पोरांनी पुढचं गाणं ओढलं.

बुवा उठून जवळ आले होते आणि डोळ्यांना पंचा लावून उभे होते. काका टोपलीशी गुडघ्यांवर बसले होते. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. ते फक्त काकींकडे बघत होते, आणि लाल झाले होते, कानाच्या पाळीपर्यंत.

काकींनी पदर सारखा केला. मग कोरड्या आवाजात म्हणाल्या, "माका ऐकाक येवक नाय. ही सगळी आरडत होती. परत लावा."

त्यांना तीन घरांपलीकडे मांजराने दुधाला तोंड लावलेलं ऐकू यायचं, हे सगळ्या वाडीला माहीत होतं. कोणी हसलं नाही. काकांनी सुई उचलली. उलटी टोपली डगमगत होती, म्हणून बुवांनी पेटी धरली.

पुन्हा खरखर, पुन्हा ती हाक. या वेळी वेशीवरच्या कोणी होकार दिला नाही. बायांनी पोरांच्या तोंडावर हात ठेवले. आवाज वालावलला पोचला, आणि नाव आलं. त्या नावाने तिला हाक मारणारं जगात कोणी उरलं नव्हतं. आई गेली, भाऊ गेले. काकी सूप बाजूला सारून उभ्या राहिल्या, अंगणातून घरात बोलावलेल्या मुलीसारख्या, आणि त्यांनी उत्तर दिलं.

"ओ."